एकटीला ठेवायचं नाही

दत्ताराम जाधवांनी उंदीर पाळले ही बातमी बौद्धवाडीत पसरायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. ज्या वाडीत भात कुरतडणाऱ्या उंदरांसाठी घरटी एक सापळा, तिथला हा सत्तरीचा माणूस एसटीने लोट्यापर्यंत जातो आणि चक्क विनवण्या करून दोन उंदरिणी घेऊन येतो, म्हणजे लोकांची महिनाभराची करमणूक झाली. शेजारची सखू तर हातातलं काम टाकून बघायला आली. दत्तारामांनी चौतीस वर्षं पोफळीच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात नोकरी केलेली. सखू पिंजऱ्यात डोकावून म्हणाली, "दत्ताभाऊ, सारा जल्म डोंगर पोखरलात, नि शेवटाला काढलात काय, तर उंदीर!"

दत्ताराम खळखळून हसले. बायको गेल्यापासून त्या घरात थट्टा करायलाही कुणी फिरकत नव्हतं.

खरं तर ते लोट्याला गेले होते धाकूला बघायला. धाकू त्यांचा वीजघरातला सोबती, आता अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. त्याचा मुलगा कंपनीत पाळीवर जायचा आणि सून दर्शना मागच्या खोलीत पाळीव उंदीर वाढवायची. पांढरे, तपकिरी, मऊ अंगाचे, माणसाळलेले. धाकूशी बोलायला फारसं काही उरलं नाही तेव्हा दत्ताराम त्या खोलीत जाऊन बसले. तिथलं एक पिल्लू त्यांच्या बाहीवरून चढलं, सदऱ्याच्या खिशात शिरलं आणि खुशाल झोपलं. कितीतरी दिवसांत त्यांच्या अंगाला कुणी इतक्या विश्वासाने टेकलं नव्हतं. दत्ताराम जागच्या जागी पाघळले.

दर्शना मात्र पाघळणारी नव्हती. सासऱ्यांचे मित्र म्हणून तिने चहा केला, पण उंदीर म्हटल्यावर नातं बाजूला. घरात मांजर आहे का? दिवसातून किती तास घरी असता? चिपळूणच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायला जमेल का? मुलगी बघायला आलेल्यांना कुणी इतके प्रश्न विचारत नाही. तिने त्यांना तीनदा यायला लावलं आणि चौथ्यांदा स्वतः येऊन घर बघून गेली. पिंजरा कुठे ठेवणार, खाली जुन्या सुती कापडाचे तुकडे कसे अंथरायचे, सगळं समजावलं. "दोन-अडीच वर्षांचंच आयुष्य असतं काका, हे आधीच मनाला सांगून ठेवा," म्हणाली. "आणि धूर अजिबात नाही. यांचा जीव छातीत असतो. अगरबत्ती नको, मच्छरांची कॉइल नको."

मग तिने सगळ्यात मोठी अट सांगितली. "एकटीला ठेवायचं नाही. मी जोडीच देते. एक गेली तर त्याच दिवशी मला फोन करायचा, मी दुसरीला माघारी घेऊन जाईन. उंदीर एकटा राहिला की झुरतो. एवढं पाळणार असाल तरच न्या."

दत्तारामांनी शब्द दिला आणि पाळला. त्या दिवसापासून घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे अगरबत्ती बंद झाली, नुसती मेणबत्ती राहिली. पांढरीचं नाव साखरी, तपकिरी डोक्याचीचं जिरी. दोघी सख्ख्या बहिणी. साखरी आगाऊ, जिरी तिच्या शेपटीमागे लपणारी. सकाळी दत्ताराम पंचशील म्हणायला बसले की साखरी खांद्यावर येऊन त्यांच्या कानाची पाळी हुंगायची. मुंबईत राहणाऱ्या राकेशला, म्हणजे मुलाला, त्यांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, बरे आहात ना?" ते खरंच बरे होते. दर महिन्याच्या पंधरा तारखेला दर्शना दोघींचा फोटो मागायची, आणि ते एकाऐवजी सहा पाठवायचे.

असं दीड वर्ष गेलं.

मे महिन्यात राकेश बायकोमुलीला घेऊन येणार होता. चार वर्षांनी. त्याला घरी भाजलेले काजू लहानपणापासून प्रिय. विकतच्या काजूला तो नाक मुरडायचा. तेव्हा दत्तारामांनी सांभाळून ठेवलेल्या काजूबिया काढल्या, अंगणात तीन चिरे मांडले, भोकं पाडलेला पत्र्याचा डबा वर ठेवला आणि बिया भाजायला घेतल्या. बियांचं तेल पेटलं, काळा जहाल धूर उठला. दर वर्षी उठतो तसाच. वारा फिरला आणि धूर पडवीत गेला. पडवीत पिंजरा होता.

आता कुणी म्हणेल, एवढं सांगितलेलं असताना असं कसं केलं? पण आपल्याकडे काजू भाजण्याला धूर म्हणतं कोण? धूर म्हणजे अगरबत्तीचा, कॉइलचा. बिया भाजणं म्हणजे मे महिना. दर्शनाही इथलीच, खेडात वाढलेली. तिच्याही यादीत ते नव्हतं. दत्ताराम स्वतः खोकत होते, डोळे पुसत होते आणि नातीसाठी अख्खे गर निवडून वेगळे ठेवत होते. त्यांना वाईट म्हणवत नाही.

संध्याकाळी राकेशचा फोन आला. रजा मिळत नाही म्हणाला. काजू डब्यात भरलेले होते.

दुसऱ्या दिवशी साखरीच्या नाकाभोवती लालसर ओल दिसली. श्वास घेताना बारीक टकटक आवाज येत होता. चिपळूणच्या डॉक्टरांनी औषध दिलं, विचारलं, "धूर झाला होता का?" दत्ताराम नाही म्हणणार होते, आणि तोंड उघडल्यावर त्यांना कळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी साखरी त्यांच्या तळहातावर गेली. त्यांनी तिला फणसाखाली पुरलं आणि तिथेच बसून लहान पोरासारखे रडले. गडीमाणसाने उंदरासाठी रडू नये असं सखूला वाटलं असेल, पण ती पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

त्याच दिवशी फोन करायचा होता. दत्तारामांनी केला नाही.

केला तर दर्शना जिरीलाही घेऊन जाईल, हे त्यांना कळत होतं. आज नको, उद्या करू. उद्या आला, तोही गेला. पंधरा तारखेला दर्शनाचा निरोप आला, "काका, दोघींचा फोटो?" त्यांनी एप्रिलमधला फोटो पाठवला. दोघी एका कपात बसल्या होत्या तो. दर्शनाने खाली लाल बदाम टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंचशील म्हणायला बसले. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं, ते कसंबसं म्हटलं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, त्यांचा आवाजच उठेना. समोर पिंजऱ्यात जिरी साखरीच्या कापडाच्या तुकड्यात तोंड खुपसून बसली होती. चार दिवस तिने शेंगदाण्याला तोंड लावलं नव्हतं. ते तिला खिशात घेऊन फिरले, मांडीवर घेऊन तासन्‌तास बसले, तिच्याशी बोलले. पण माणूस काही उंदीर होऊ शकत नाही. खाली सोडली की ती सगळ्या पिंजऱ्यात बहिणीला शोधायची आणि परत त्या चिंधीत जायची. माझ्या सोबतीसाठी मी हिला झुरवत ठेवतोय, हे त्यांना अगदी लख्ख दिसलं. दिसूनही त्यांनी आणखी एक दिवस काढला. मग सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले.

दर्शनाने पिशवीतून एकच जीव निघालेला पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. दत्तारामांनी काही लपवलं नाही. काजू, धूर, फणस, फोटो. सगळं सांगून ते मान खाली घालून उभे राहिले.

दर्शना चिडली. तिचा हक्कच होता. "आठ दिवस काका? आठ दिवस ही एकटी?" मग जिरीला कानाशी धरून तिने श्वास ऐकला आणि तिचा सूर खाली आला. "हिच्याही छातीत आहे. रोज दोनदा औषध, वाफ, सगळं करावं लागेल. आणि एकटी असली तर औषधाचाही उपयोग नाही."

"तेवढ्यासाठीच आणली," दत्ताराम म्हणाले.

तिने जिरीला एकदम आत सोडलं नाही. आधी दोन वयस्क उंदरिणींचं कापड तिच्याजवळ ठेवलं, मग धुतलेल्या टेबलावर तिघींना समोरासमोर आणलं. अर्धा-पाऊण तास गेला. हुंगाहुंगी झाली, एकदा चीची झाली. मग त्यातल्या मोठीने जिरीला पंजाखाली दाबून तिचं डोकं चाटायला घेतलं, आणि जिरी तिच्या पोटाशी शिरून डोळे मिटून पडली. बऱ्याच दिवसांनी ती झोपली होती. दत्तारामांना आनंद झाला आणि त्याच क्षणी काळजात कळही उठली.

"दिवाळीनंतर पिल्लं होतील," दर्शना हळूच म्हणाली. "तुमच्यासाठी जोडी ठेवू?"

"नको गं," ते म्हणाले. "माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही आता."

दुपारी तीनला ते घरी पोचले. पडवीत पाय ठेवल्यावर पिंजऱ्यातून काही खुडबुडलं नाही. त्यांनी टोपी काढली आणि उभ्या-उभ्याच राकेशला फोन लावला. एरवी ते 'जेवलास का' पासून सुरुवात करायचे.

"राकेश, मला एकट्याला राहवत नाही रे. मला तिकडे ने."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता.

"बाबा, जागा केवढीशी आहे तुम्हाला माहीतच आहे," राकेश म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. "आरोहीची दहावी एकदा होऊ दे. मग काहीतरी बघू."

"दहावी कधी तिची?"

"आता आठवी झाली."

"अस्सं. मग होऊ दे तिचं नीट," दत्ताराम म्हणाले. "मला काय, घाई नाही."

फोन ठेवून ते आत गेले आणि एका माणसापुरते तांदूळ धुवायला घेतले.