वारं उलटं होतं

अमरावतीच्या त्या खासगी दवाखान्यात सबीहा पावत्या फाडायची, फोन उचलायची आणि उरल्या जिवानं दवाखान्याचं फेसबुक पेज सांभाळायची. सुट्टी झालेल्या पेशंटला शाल-नारळ द्यायचा, फोटो काढायचा, पेजवर टाकायचा, असा डॉक्टरांचा दंडकच होता. वलगावकडचा पुंजाराम कपाशी फवारता फवारता भोवळ येऊन पडला होता. तो बरा होऊन निघाला तेव्हा तिनं घाईघाईत फोटोवर लिहून टाकलं, ‘विषबाधेवर मात, शेतकऱ्याला जीवदान.’

त्या वर्षांत शेतकरी आणि विष हे दोन शब्द शेजारी दिसले की पुढचं लोक आपल्या मनानंच वाचायचे. फोटोखाली धीर देणाऱ्यांची रांग लागली. दादा, पुन्हा असं करू नका. लेकराबाळांकडे पाहा.

दुसऱ्या दिवशी पुंजारामची लेक प्रणाली काउंटरशी येऊन उभी राहिली. तिची सोयरीक अकोल्याला जुळत आली होती आणि कालपासून तिकडचे फोनच उचलत नव्हते.

“ताई, माया बाबानं औषध पेलं नाई. आंगावर उडालं त्याच्या. आता मले कोन करंल?”

सबीहा डॉक्टरांकडे गेली. पोस्ट एवढी पसरलीय, काढायची नाही, फार तर दुरुस्त कर, म्हणाले. तिनं ‘फवारणी करताना’ हे शब्द घातले. खाली लगेच कोणीतरी टोमणा मारला, आता असंच सांगतेत सारे.

सबीहानं तो टोमणा पुन्हा वाचला. पोस्ट काढली तर लोक म्हणणार, लपवलं. शेवटी ती प्रणालीला म्हणाली, “घरी जा अन् बाबालेच बोलाले लाव. व्हिडिओ कर, मले पाठव.”

दुपारी व्हिडिओ आला. खाटेवर बसलेला पुंजाराम, शेजारी फवारणीचा पंप. आवाज अजून खोल गेलेला.

“म्या पेलं नाई. वारं उलटं होतं, अन् मले घाई होती. बस.”

सबीहानं कोणाला न विचारता तो पेजवर टाकला. पावत्या फाडता फाडता ती फोनकडे पाहत राहिली. या खेपेला कोणी कळवळलं नाही, फारसं कोणी पाहिलंही नाही. दिवेलागणीला मात्र एकच ओळ उमटली. मुलाचे वडील भगवंतराव यांची, अकोल्याहून.

‘वारं पाहून फवारत जा, व्याही. रविवारी येतो.’

तिनं ती प्रणालीला पाठवली. तेवढ्यात केबिनमधून डॉक्टरांनी विचारलं, त्या व्हिडिओवर दवाखान्याचं नाव का नाही?

“टाकते, सर,” सबीहा म्हणाली आणि तिनं पुढच्या पेशंटला नाव विचारलं.