परत एकदा दारातून

"शूटिंगवाले आहेत तोवरच घरी येऊन जा," असा फोन धाकट्या भावाने केला, तेव्हाच थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. "पाहुण्यांसमोर आई दार लावून घेणार नाही. चारचौघांत ती कशी वागते, तुला माहितीय."

भावाची अक्कल ती! पण थोरलीला दुसरी वाट दिसत नव्हती. सात वर्षांपूर्वी आईच्या मनाविरुद्ध ती शहरात गेली आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी उकळायला लागली. पुढे बाप वारला म्हणून धावत आली, तर आईने आतून कडी घातली. सबंध दुपार ती अंगणात बसून राहिली आणि आल्या पावली परत गेली. तेव्हापासून मायलेकींत बोलणं नव्हतं. आता आई थकली होती. त्या दुपारचं नावही काढायचं नाही, असं थोरलीने वाटेत स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं.

टीव्हीवर आदिवासी कुटुंबांच्या जगण्यावर मालिका येणार होती आणि त्यातला एक भाग यांच्या घराचा होता. आता आदिवासींचं घर कसं दिसतं, हे त्या मंडळींनी येतानाच ठरवून आणलं होतं. म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्या मागच्या खोलीत गेल्या, टीव्हीवर चादर पडली, भावाची मोटरसायकल शेजाऱ्यांच्या परसात लपली. ज्यांच्या जगण्यावर मालिका, त्यांचंच अर्धं जगणं अडगळीत! दिग्दर्शकाला घरचे टोपीवाला म्हणत. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. आईला मावशी म्हणायचा, जेवणाचं तोंड भरून कौतुक करायचा. अशा माणसाला नाही म्हणताना जीभ अडखळते.

थोरली फाटकातून आत आली तेव्हा आई दारात शेंगा सोलत बसली होती. समोर कॅमेरा चालू होता. आईने मान वर केली, लेकीकडे बराच वेळ पाहिलं आणि मांडीवरची टोपली बाजूला ठेवली.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "चल, हातपाय धू. जेवायला वाढते."

बस, एवढंच. माफ केलं, चुकलं, असले शब्द आईच्या तोंडून या जन्मी निघाले नसते. तिने जेवायला बोलावलं म्हणजे सगळं मिटलं, हे त्या घरात कुणालाही सांगावं लागत नव्हतं.

बाहेरच्यांना मात्र सांगावं लागलं असतं.

"कट! झकास, मावशी! फक्त एकदा परत घेऊ. ताईंचा चेहरा नाही मिळाला."

कॅमेरा एकच. आई दिसली की लेकीची नुसती पाठ. थोरली मुकाट्याने फाटकाबाहेर गेली. तिच्या हातातली चाकांची बॅग काढून घेऊन तिथे कापडाचं गाठोडं दिलं गेलं. ती परत आली. आई परत म्हणाली, "किती वाळलीस गं." मग पायातले बूट काढायला लावले. आई परत म्हणाली. आता ते पाठ केलेल्या कवितेसारखं वाटायला लागलं आणि थोरलीचे कान तापले. अरे, माणूस एकदाच घरी येतो!

"मावशी, जरा मनातलं बोला की," टोपीवाला म्हणाला. "इतक्या वर्षांनी लेक आलीय! तिला जवळ घ्या." आणि वाकून आईच्या कानात त्याने काहीतरी सांगितलं.

आई बिचारी पाहुण्यांचं मन मोडणारी नव्हती. या वेळी ती उठली, लेकीला मिठी मारली, डोळ्यांना पदर लावला आणि शिकवलेलं बोलली, "वाट बघून डोळे थकले गं. हे दार तुझ्यासाठी कधीच बंद नव्हतं."

थोरलीने तिला दूर लोटलं.

"बंद नव्हतं? बाबा गेले तेव्हा हेच दार बडवून माझे हात सुजले! त्यांचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस मला! आणि आज या लोकांसमोर म्हणतेस, बंद नव्हतं?"

आईचे हात तसेच हवेत राहिले. कॅमेरावाला पाऊल न वाजवता तिच्या चेहऱ्याजवळ सरकला.

"कट," टोपीवाला हलकेच म्हणाला. "वा! हेच घेऊ."

"हेच घेऊ?" थोरली त्याच्या अंगावर धावून गेली. "बाजारातली भाजी वाटली का तुम्हाला? पुसून टाका ते! आत्ताच्या आत्ता!"

"ताई, तुमचा राग कळतो मला. पण अहो, किती खरं आलंय हे!" त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते, मेल्याचे. थोरलीने भावाकडे पाहिलं. मालिकेच्या कागदांवर त्यानेच सगळ्यांच्या वतीने सह्या केल्या होत्या. तो खाली मान घालून उभा राहिला.

तेवढ्यात आई पुढे आली आणि तिने टोपीवाल्याची बाही धरली.

"दादा, परत घ्या."

"मावशी, आता गरजच नाही."

"नाही, परत घ्या. माझं चुकलं. तिला फाटकाबाहेर पाठवा, मी पहिल्यांदा बोलले तसंच बोलते. मला येतं ते."

"उजेड गेला, मावशी," तो लाडाने म्हणाला. कॅमेरावाला वायर गुंडाळायला लागला होता.

तरी आई दारात जाऊन बसली. टोपली मांडीवर घेतली, पदर सारखा केला आणि बंद कॅमेऱ्याकडे बघत राहिली. थोरलीकडे बघायची तिला हिंमत होत नव्हती.