तुझ्याबद्दलचं पुस्तक

"नाव ठाऊक नाही, लेखकही नाही. पण आमच्या ह्यांची मतं पाठ आहेत," हाशिझुमे काकू म्हणाल्या. "त्यावरून पुस्तक सापडेल का हो?"

वाचनालयाच्या खिडकीशी बसून मला सव्वीस वर्षं झाली. 'ते निळं पुस्तक द्या' म्हणणारे रोज भेटतात. पण नुसत्या मतावर पुस्तक मागणाऱ्या ह्या पहिल्याच.

काकूंचे यजमान लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना माहितीच्या पुस्तकांचा नाद लागला. कादंबरीला हात लावायचे नाहीत. दर शनिवारी तीन पुस्तकं न्यायचे आणि जेवताना एकेका लेखकाला धारेवर धरायचे. 'हा बोगदेवाला चारशे पानं खणतो, पण बाहेर कुठे पडतच नाही.' 'वादळवाली बाई हुशार आहे, पण हिनं जन्मात कधी छपराचं कौल बदललेलं नाही.' काकू सूप वाढता वाढता 'हं' म्हणायच्या.

"संसाराची एक्केचाळीस वर्षं नुसतं हं," त्या म्हणाल्या. "गाय बरी, निदान हंबरते तरी."

"मग हवंय कोणतं?"

"शेवटचं. 'तोकी, हे तू वाच, तुझ्याबद्दल आहे,' म्हणाले. मी म्हटलं, उद्या बघते. चौथ्या दिवशी गेले." त्या खिडकीवर वाकल्या. "तुमच्या यंत्रात बघा ना."

यंत्रात काही नव्हतं. पुस्तक परत आलं की ते कुणी नेलं होतं ही नोंद आम्ही पुसून टाकतो. कोण काय वाचतो याची उठाठेव कुणी करू नये, हा आमचा जुना बाणा. "घरी एखादं राहिलं असेल तर मात्र दिसेल," मी म्हटलं.

काकूंचा चेहरा पडला. अंत्यविधीहून परतल्यावर त्यांनी आधी वाचनालयाची पिशवी उचलली होती आणि काळ्या किमोनोतच येऊन बाहेरच्या पेटीत पुस्तकं टाकली होती. "कुणीतरी वाट बघत असेल, आपल्यामुळे खोळंबा नको, एवढंच डोक्यात होतं. नावंसुद्धा वाचली नाहीत हो." आमच्या गावात ह्याला कुणी चूक म्हणणार नाही. मीही हेच केलं असतं, आणि म्हणूनच मला फार वाईट वाटलं.

मग मी अंदाजानं पुस्तकं काढून देऊ लागले. खेकड्यांवरचं पुस्तक काकूंनी परत आणलं ते तणतणतच.

"जरा खुट्ट झालं की नांग्या वर! मी अशी आहे?"

"छे हो."

"मुलगी म्हणते, थोडी आहेस."

दोन महिन्यांत चोवीस पुस्तकं झाली. प्रत्येकात काकू स्वतःला शोधत होत्या, आणि हळूहळू मलाही कळेना की ह्या बाई नेमक्या आहेत कशा. गेल्या शनिवारी त्या जुन्या किल्ल्यांच्या भिंतींवरचं पुस्तक घेऊन आल्या. लेखक पाल्हाळ फार लावतो, असं आधी बजावून त्यांनी एक पान उघडलं.

"मोठ्या दगडांच्या मागे बारीक दगड ठासतात म्हणे. ते कुणाला दिसत नाहीत. पण पावसाचं पाणी त्यांच्यातून निघून जातं, म्हणून भिंत फुगत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हेच असेल का?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी मी शब्द कसे घालू?

"माहीत नाही, काकू."

"चांगल्या अर्थानं म्हणाले की टोमणा मारला, तेवढं तरी विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढल्याचं लक्षात येताच त्यांनी मागे रांगेतल्या माणसाची वाकून माफी मागितली.

"सांगताना ते हसत होते का?" मी विचारलं.

काकूंनी पुस्तक मिटलं.

"मी पाठमोरी होते," त्या म्हणाल्या. "तांदूळ धूत होते."