बाबांचा वेगळा वाडगा

कुम्बानं दारच्या मेंढ्याच्या तोंडाखालून वाडगा हिसकावून घेतला. भात, गाजर, कोबी, सगळं चाटूनपुसून साफ. उकडलेला मासा तेवढा तळाशी पडलेला, न खाल्लेला. मेंढा ओठ चाटत असा बघत होता, की उद्याही हाच बेत असू दे.

तिच्या डोक्यात तिडीकच गेली. म्हणजे ती रोज सगळ्यांच्या आधी उठून बाबांसाठी वेगळं शिजवते ते या मेंढ्यासाठी?

डॉक्टरीणबाईंनी बाबांचा रिपोर्ट बघून स्पष्ट सांगितलं होतं, की कोलेस्टेरॉल फार वाढलंय. गोळ्या चालूच राहतील, पण तेल कमी, तळलेलं बंद, भाज्या भरपूर आणि रोजचं चालणं. कुम्बाचे काका गेल्या वर्षी छातीला हात लावून जे खाली बसले ते उठलेच नाहीत. बाबांनी नुसता छातीवर हात ठेवला तरी ती हातातलं काम टाकून धावायची.

सगळ्यांचंच कमी तेलात करू, असं तिनं आईला म्हणून पाहिलं होतं. आई म्हणाली, वर तवंग नाही तो मासेभात कसला, पाहुण्यांपुढे नाक कापशील. अस्सान, तिचा भाऊ, म्हणाला, तुरुंगातलं जेवण तूच खा. मग कुठे रोज भांडत बसायचं? तिनं बाबांना एक छोटा पांढरा वाडगा काढून दिला. सगळे एकाच परातीभोवती जेवणार आणि बाबा दाराशी. थोड्याच दिवसांत बाबा म्हणायला लागले, तुम्ही बसा, मी आधी चालून येतो. भर दुपारी, रुफिस्क शहराच्या त्या रणरणत्या उन्हात. आणि ही बावळट कुम्बा खूश झाली होती.

ती तशीच निघाली, वाडगा हातात घेऊन. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बाबा कुठे दिसले का विचारलं, तर त्यानं मान वर न करता मादियोरच्या फाटकाकडे बोट दाखवलं. मादियोर म्हणजे बाबांचा जुना दोस्त, दोघांनी एकाच डेपोच्या बस चालवल्या.

अंगणात कडुलिंबाखाली चटई, चटईवर परात, भोवती मादियोरचं सगळं खटलं. आणि मध्ये बाबा, हातात चमचा, कशावर तरी खळखळून हसत होते. कित्येक दिवसांत घरात ते असे हसले नव्हते, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"हे तुमचं चालणं?"

मादियोरची बायको तेनिंग जरा सरकली, जागा केली.

"आधी बस पोरी. जेवून मग भांड, अंगात जोर येईल."

"मी नाही बसत. मारायचंय का तुम्हाला त्यांना?"

तेनिंगनं तळलेल्या माशाचा एक मोठा तुकडा मोडून बाबांपुढे टाकला. बाबांनी तो चमच्यानं शेजारी बसलेल्या मादियोरच्या नातवापुढे सरकवला. तिनं तेलात भिजलेली खरवड टाकली, ती मादियोरकडे गेली. बाबांच्या बाजूला उरलं काय, तर कोबी, वांगं, गाजर आणि थोडासा भात.

"रोजचंच आहे हे," तेनिंग म्हणाली. "मी म्हटलं, तुम्हाला वेगळं वाढू का? तर म्हणाले, वेगळं घरी मिळतंय."

बाबा परातीकडेच बघत होते.

"वेगळं कुणाला वाढतात, कुम्बा?"

तिला माहीत होतं. ज्याचा खोकला घरभर पसरेल त्याला. नाहीतर जो नकोसा झालाय त्याला.

ती बसली नाही. तशीच मागे फिरली. घरी येईपर्यंत वाडगा तिनं इतका घट्ट धरला होता, की बोटांवर कडेचे वळ उठले. आता राग बाबांवर नव्हता, पण कमी कुठे झाला होता?

दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली तिनं आईच्या हातातून काढून घेतली. आई ओरडली, मग अबोला धरला. कुम्बानं भांड्याच्या तळाला थेंबभर तेल घातलं, मासा उकडला, भाज्या ढीगभर टाकल्या. दुपारी बाबा चपला घालायला लागले तशी म्हणाली, "आज संध्याकाळी चाला. ऊन उतरल्यावर."

परात मध्ये आली. अस्साननं एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. हे असलं आपण खाणार नाही, म्हणाला.

कुम्बानं तो पांढरा वाडगा भरला आणि दाराशी नेऊन ठेवला.

"तुझं तिकडे. तेलाची बाटली पण घेऊन जा."

अस्साननं दाराकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग चटईवर गुडघा आणखी पुढे सरकवून परातीत चमचा घातला.