आबाजींनी कबूल केलेलं गाढव

आबाजी भालेरावांनी त्या वर्षी उपवासाच्या काळात काळजी सोडली.

बाकीच्यांनी रीतसर सोडण्यासारख्या गोष्टी सोडल्या होत्या. चर्चच्या राजेश पाळकांनी साखर सोडली. आबाजींच्या बहिणीने, जनाआत्याने, दुपारपर्यंत बोलणं सोडलं, आणि तिच्या सुनेने त्याबद्दल देवाचे मनापासून आभार मानले. आबाजी म्हणाले, "मटण तर माझ्या दातांनीच सोडवलंय. मी काळजी सोडतो. देवानं शब्द दिलाय ना, टाकणार नाय म्हणून? मग ईस्टरपर्यंत एक पण काळजी करायची नाय."

त्यांची लेक छाया खोपोलीच्या कॉलेजात ग्रंथपाल होती आणि कर्जतला वडिलांबरोबर राहायची. तिने पुष्कळ वाचलं होतं, पण सोडलेली काळजी कुठे जाते हे तिला पुस्तकात सापडलं नव्हतं. ते घरातच कळलं. ती खाली पडते, आणि घरातलं दुसरं माणूस ती उचलतं.

एका शनिवारी सकाळी दूध उतू गेलं. आबाजी शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होते.

"बाबा, दूध!"

"जाऊ दे गं. त्याला पण कुठं जायचं असंल."

संध्याकाळी ते चर्चच्या कमिटीच्या बैठकीला गेले, तेही छायाचा चष्मा लावून. परतले ते मोठ्या खुशीत.

"झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत या वर्षी खरं गाढव आणायचं ठरलंय. प्रभू गाढवावर बसून यरुशलेमात गेला तसं."

"बरं."

"ते मी आणणार. हात वर करून सांगितलं मी."

छायाने तव्यावरची भाकरी तशीच राहू दिली. "कुठून आणणार?"

"देव देईल."

"देवाकडे गाढवं असतात?"

"तू आमची कमिटी बघितली नाय का?"

तिला हसू आलं, पण हसलं तर ते आणखी काही कबूल करून येतील म्हणून तिने भाकरी उलटली. आबाजींची सगळी नोकरी बँकरवर गेली होती, म्हणजे कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणाऱ्या इंजिनावर. कोणताही विषय अखेर त्या इंजिनावर यायचा. "घाटात माणसं खिडकीतून पुढचं इंजिन बघतात," ते म्हणाले. "ठाकुरवाडी येते, चढण वाढते, तशी ती घाबरतात. मागं कोण ढकलतंय ते त्यांना दिसत नाय. देवाचं तसंच हाय गं."

"इंजिनाला वेळापत्रक असतं, बाबा."

जेवणानंतर त्यांनी रोजच्यासारखी प्रार्थना केली. ती अगदी छोटी होती. "देवा, तू सोडणार नाय असं बोललायस. मग हे आता तुझं तू घे रं." मग रोजच्यासारखंच छायाला कोपराने ढोसलं. "आता तू म्हण."

"झोपा, बाबा."

सकाळी चहाला हाक मारली तेव्हा ते उठले नाहीत. झोपेतच गेले होते. चष्मा छायाचाच होता, उशाशी नीट ठेवलेला.

घर माणसांनी भरलं. जनाआत्या सकाळीच आली, आणि दुपार व्हायची होती. तिने वर बोट दाखवलं, मग छातीवर हात ठेवला, मग दोन्ही हातांनी काहीतरी गोल दाखवून ओठांना लावलं. छाया तिच्या गळ्यात पडली. आत्याने तिला थोपटलं आणि पुन्हा ते गोल दाखवलं. घड्याळात बाराचे ठोके पडले तसा आत्याचा पहिला शब्द फुटला, "आबा!" आणि ती मोठ्याने रडली. दुसरा शब्द होता, "चहा."

छाया रडली नाही. माणसांचं जेवण, पाहुण्यांची अंथरुणं, कबरीवरचा क्रूस, सगळं तिने पाहिलं. काळजी करायची सवय होतीच.

दफनविधीनंतर राजेश पाळक अवघडून म्हणाले, "छायाताई, ते गाढवाचं आता राहू दे. आबाजींचं आम्ही समजून घेऊ."

"काय समजून घ्याल?"

"म्हणजे, त्यांचं वय झालं होतं. बोलून गेले."

"त्यांनी शब्द दिलाय," छाया म्हणाली. "गाढव येईल."

म्हणायला म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की कर्जतमध्ये गाढव मिळत नाही. माणूस शिवी देतो तेव्हा वाटतं, गल्लोगल्ली असतील. रिक्षावाल्यांनी डोकी खाजवली. माथेरानच्या घोडेवाल्याने फोनवर सुचवलं, "घोडा घ्या ना ताई. कान मोठे लावून देतो." जनाआत्याचं मत पडलं की बकरी चालेल, प्रभूला मोठेपणा नव्हता. छायाला झोप येईना. बाबांनी देवावर ठेवलेला भरवसा लोकांच्या तोंडी म्हाताऱ्याची बडबड ठरणार होता, आणि तिच्या मनात कुठेतरी तोच संशय होता. तोच तिला सहन होत नव्हता.

शेवटी खालापूरकडच्या एका वीटभट्टीवर गाढव सापडलं. मालकीण इंदूबाई तंबाखू मळत म्हणाली, "न्या की. याचं नाव मॅनेजर."

"असं का?"

"उभा राहतो नुसता. काम दुसरी करतात."

रविवारी सकाळी मॅनेजर टेंपोतून कर्जतला उतरला. पाठीवर कोणी बसायचं यावर कमिटीची आधीच दोन तास चर्चा झाली होती. प्रत्येकजण "मी त्या लायकीचा नाही" म्हणत दुसऱ्याने आपलं नाव सुचवायची वाट बघत होता. कोणीच सुचवलं नाही, तेव्हा ठरलं की पाठीवर नुसती शाल घालायची, प्रभूची जागा रिकामी ठेवायची.

"होसान्ना!" म्हणत मंडळी नारळाच्या झावळ्या हलवत निघाली. मॅनेजर बाजाराच्या चौकापर्यंत आला. तिथे थांबला. छायाने दोर ओढला. मॅनेजरने पाय रोवले.

मागे दोन टेंपो आणि एक लग्नाची गाडी अडकली. गाणं विरलं. कोणी म्हणालं कान ओढा, कोणी म्हणालं कानात काहीतरी सांगा. राजेश पाळकांनी खिशातून गूळ काढून पुढे धरला. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण मॅनेजरने तो चवीने, डोळे मिटून खाल्ला, आणि साखर सोडलेले पाळकसाहेब तोंडाला पाणी सुटून बघत राहिले. गाढव हललं नाही. छायाने खाली बसून त्याचा पुढचा पाय दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवून पाहिला. त्याने तो पुन्हा मागे घेतला.

"अडला हरी!" एक रिक्षावाला ओरडला, आणि सगळा चौक हसला.

छाया उठली. दोराने तळहात सोलले होते. तिने पुन्हा ओढलं. बाबा गेल्यापासून ती असंच काहीतरी ओढत होती, पुढून, सगळा भार अंगावर घेऊन, आणि काहीच जागचं हलत नव्हतं. एकदम तिला दिसलं की बाबांनी आयुष्यात एकही गाडी पुढून ओढली नव्हती.

तिने दोर सोडला.

"अहो ताई, पळेल तो!" राजेश पाळक म्हणाले.

मॅनेजर पळाला नाही. त्याने मान हलवली, आपण मोकळे आहोत याची खात्री करून घेतली, आणि पुढे उभ्या जनाआत्याच्या हातातल्या हिरव्यागार झावळीकडे चालू लागला. आत्याने ते पाहिलं. दुपार व्हायची होती, त्यामुळे तिला ओरडता येईना. ती झावळी उंच धरून, डोळे मोठे करून, पुढे पळत सुटली. तिच्या मागे मॅनेजर, त्याच्या मागे सगळी मंडळी, आणि लग्नाच्या गाडीतला बँडवाला काय समजला कोण जाणे, त्यानेही ताशा धरला. "होसान्ना!" आता हसत हसत, जोरात.

"आबाजींचं गाढव आलं बरं का!" कमिटीतलं कुणीतरी म्हणालं.

छाया मागे राहिली. मग चार पावलं भरभर टाकून तिने मॅनेजरला गाठलं आणि त्याच्या पाठीवर मागच्या बाजूने हात ठेवला. ढकलायची गरज नव्हती. पाठ ऊन होती. ताशाच्या आवाजात आपलं आपल्यालाच ऐकू येईना, म्हणून तिला मोठ्याने म्हणावं लागलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही.

"देवा, तू सोडणार नाहीस असं बोललायस. मग हे आता तुझं तू घे रं. मला एकटीला नाही झेपत."