मुलगी पाहायला, डोळ्यांत थेंब घालून

आठवडाभर योगेंद्रच्या डाव्या डोळ्यासमोर एक काळी माशी तरंगत होती. हाकलली तरी हलेना. शेवटी शनिवारी सकाळी तो पिंप्राळ्यातल्या घराजवळच्याच डॉक्टरांकडे गेला. त्यांनी दोन्ही डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आतला पडदा तपासला आणि म्हणाले, "काळजीचं काही नाही. संध्याकाळपर्यंत जवळचं धूसर दिसेल, उजेड खुपेल. गॉगल लावून घरी पडून राहा."

तो बाहेर पडतोय तोच कोकिळाआत्याचा फोन. पाचोऱ्याच्या मुलीचा मामा संध्याकाळच्या गाडीने सुरतला निघणार होता, म्हणून मुलगी आजच बघायची.

"आत्या, डोळ्यांत थेंब घातलेत गं..."

"डोया पुसी ले अन् टेशनवर ये!"

पाचोऱ्याला उतरला तर फलाट, माणसं, रिक्षा, सगळं चुन्यात बुडवून काढल्यासारखं पांढरंफटक. मुलीच्या दारात आत्याने त्याला कोपर मारलं. "तो काया चष्मा काढ. हिरो नको बनू."

सुलक्षणा पोह्यांची बशी घेऊन आली आणि समोरच बसली. तिचा चेहरा त्याला हलत्या पाण्यातल्यासारखा दिसत होता. नीट दिसावा म्हणून तो डोळे ताणून बघत राहिला.

"बाई, नजर हटत नाही मुलाची!" मामी कुजबुजली.

योगेंद्र ओशाळला. त्याने बशीत डोकं घातलं, आणि हिरवं दिसलं ते कोथिंबीर समजून तोंडात टाकलं. ती तळलेली अख्खी मिरची निघाली. डोळ्यांतून धारा लागल्या.

"हळवा आहे हो," मामा म्हणाले आणि दोघांना बोलायला अंगणात पाठवून दिलं.

अंगणात आल्याबरोबर त्याने कपाळावर हाताचा आडोसा धरला. सुलक्षणा त्याच्याकडे निरखून बघत होती.

"एवढ्या उन्हात तुमच्या बाहुल्या आवळत कशा नाहीत? आमच्या आबांचे डोळे तपासले तेव्हा असेच दिसत होते. थेंब घातलेत का?"

योगेंद्रने सगळं सांगून टाकलं. "ती पलीकडे गोधडी वाळतेय ना, तिचा टाकान् टाका दिसतोय मला. तुम्ही तेवढ्या दिसत नाही."

"मग मी तिकडेच जाते की!"

ती खरंच चालत गेली आणि गोधडीपाशी उभी राहिली. आता दिसली. रुंद कपाळ, जाड वेणी आणि ओठांत दाबून धरलेलं हसू. योगेंद्रला घशातली मिरचीही आठवेना.

"दिसतेय का?" तिने ओरडून विचारलं.

"दिसताय! छान दिसताय!" तोही ओरडला.

घरातली सगळी दाराशी धावली. मुलगा या टोकाला, मुलगी त्या टोकाला आणि मधे आरडाओरडा.

"भांडण व्हयनं का रे?" आत्याने घाबरून विचारलं.

सुलक्षणाने खरा प्रकार सांगितला, तसे मामा ठसका लागेपर्यंत हसले. त्यांनी पसंतीचं विचारलं, तर ती म्हणाली, "आज नको. यांनी मला अजून जवळून पाहिलंच नाही."

पुढच्या रविवारी योगेंद्र मोटरसायकलवर एकटाच आला. हाताच्या अंतरावर बसल्यावर त्याला तिच्या भुवईवरची बारीक खूण दिसली.

"हे काय लागलं होतं?"

"आखाजीच्या सणाला बांधलेल्या झोक्यावरून पडले होते," ती म्हणाली, आणि झोका कुणी चढवला, पडल्यावर कोण कोण पळालं, ते इतकं रंगवून सांगितलं की तिच्या आईला जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

हात धुता धुता योगेंद्रने होकार सांगितला. सुलक्षणाने आपला होकार आधीच आईच्या कानात सांगून ठेवला होता.