चार इंच वजा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापे घेणारी. पोलादी पात्याची, डबीत गुंडाळून बसणारी. एका सुताराने मला विकत घेतले आणि कमरेला लावले. त्याने मापात कधी कुणाला फसवले नाही, त्यामुळे त्याच्याबरोबर माझाही भाव वधारला. "सुताराने मोजलंय ना, मग झालं," असे लोक म्हणत आणि मी डबीतल्या डबीत फुगत असे.

एकदा मी शिडीवरून पडले आणि माझे टोक तुटले. पहिले चार इंच गेले. दुसऱ्या कुणी मला भंगारात टाकले असते. सुताराने तुटकी कड कानशीने घासली आणि दिसेल त्या आकड्यातून तो मनातल्या मनात चार इंच वजा करू लागला. त्याचे कधी अडले नाही. ही गोष्ट त्याच्या बायकोला तेवढी ठाऊक होती.

पुढे सुतार वारला. मी खणात पडून गंजले. कुणी विचारपूस केली नाही याचे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

परवा घरपट्टीची नोटीस आली. यंदापासून पाचशे चौरस फुटांवरच्या घरांना दुप्पट दर लागणार होता आणि कागदावर आमच्या चार खोल्या पाचशे दहा भरत होत्या. सुताराची मुलगी म्हणाली, "आई, पंधरा दिवसांत हरकत घेता येते. पण आधी मोजून बघू. उगाच तोंडघशी पडायला नको."

तिने मला स्वयंपाकघराच्या भिंतीला लावले. दहा फूट चार इंच. नोटिशीतही नेमके तेवढेच. बाकीच्या खोल्याही जुळल्या. "बरोबर आहे गं. भरून टाकू निमूट."

आईची नजर माझ्या तुटक्या टोकावर गेली. "चार इंच वजा केलेस का?"

"कसले चार इंच?"

मायलेकींनी पुन्हा आकडेमोड केली. घर चारशे ऐंशीच भरले. आईने नोटिशीतला आकडा पुन्हा वाचला.

"घरपट्टीचा मोजणीवाला आला होता तेव्हा हे कामावर होते. त्याची टेप अडकली, म्हणून मीच ही काढून दिली. गॅसवर दूध होतं. सांगायचंच राहिलं."

म्हणजे इतकी वर्षे हे घर नसलेल्या जागेची पट्टी भरत होते आणि ती चूक माझ्या अंगावरून वाचली गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"मग घेऊया ना हरकत," मुलगी म्हणाली.

"कारण लिहावं लागेल. लोक म्हणतील, सुताराच्याच घराचं माप चुकलं. ह्यांच्या नावाला बट्टा लागेल."

अर्ज दोन दिवस तसाच पडून राहिला. आई येता-जाता त्याच्याकडे बघे आणि दुसऱ्या कामाला लागे. तिसऱ्या दिवशी तिने तो पुढे ओढला.

"ह्यांनी लोकांना हयातभर चोख मापं दिली. ह्यांच्याच घराचं खोटं माप मी दप्तरी राहू देऊ?"

कारणाच्या रकान्यात तिने सावकाश लिहिले : 'टेप तुटकी होती. मला ते माहीत होते. मोजणाऱ्याला मी सांगितले नाही.' खाली सही केली.

मित्रांनो, तुटक्या वस्तू जरूर जपा. मला जपले, म्हणून तर मी आज बोलते आहे. पण जपाल तेव्हा त्यांच्यात काय उणे आहे, ते घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आम्हांला ते सांगता येत नाही. जो हातात घेईल त्याला आम्ही चुकीचे माप देत राहतो आणि तो बिचारा ते खरे मानून लिहून घेतो.